न विचारता घेतलेले निर्णय

डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात विल्यम सीली गॉसेट नावाचा रसायनशास्त्रज्ञ नोकरीला होता. बार्लीचे वाण, मॉल्टचा दर्जा असले प्रश्न त्याला चार-पाच नमुन्यांच्या आधारे सोडवावे लागत. इतक्या थोड्या आकड्यांवरून काढलेल्या सरासरीवर किती विसंबायचे, हे तेव्हाच्या गणिताला नीट सांगता येत नव्हते. गॉसेटने त्यासाठी सूत्र मांडले आणि ते पडताळण्यासाठी ३००० कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी तितक्याच पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून काढली. ते तुकडे पिसले, त्यांचे चार-चारचे ७५० गट पाडले आणि प्रत्येक गटाची सरासरी नि विचलन हाताने काढले. १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या या कामातून पुढे टी-चाचणी आकाराला आली. आज वैद्यकीय संशोधनाचे कोणतेही नियतकालिक उघडा, ती चाचणी भेटतेच. गॉसेटचा तो सगळा खटाटोप आता संगणकाला चार-दोन ओळींत सांगता येतो आणि उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत येते.

शंभर वर्षांत संशोधकाचे हे कष्ट संपले. कष्टांबरोबर आणखी काय संपले, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

हाताने आकडेमोड करण्याच्या काळाबद्दल उगाच हळवे होण्याचे मात्र कारण नाही. त्यात चुका होत, महिने जात, आणि गणिताचा धसका घेतलेला माणूस संशोधनाच्या वाटेला सहसा जात नसे. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १९१९ पासून काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाच्या दिमतीला ‘मिलियनेअर’ नावाचे गणनयंत्र होते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कोलकात्यात स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आकडेमोड करणाऱ्या माणसांचे ताफेच्या ताफे कामाला असत. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी पानसे यांनी कृषी संशोधकांसाठी लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ साली आले. खताचा प्रयोग कसा आखावा इथपासून त्याचे गणित पायरीपायरीने कसे करावे इथपर्यंत सगळे त्यात होते, आणि आपल्याकडचे कितीतरी शेतीशास्त्रज्ञ त्यावर घडले.

अशा गणितात माणसाची प्रत्येक आकड्याशी एकदा तरी गाठ पडे. एखाद्या रुग्णाचे वजन ५४ ऐवजी ५४० लिहिले गेले असेल, तर ते बेरजेपूर्वीच डोळ्यांत खुपे. शिवाय दर पायरीला काहीतरी ठरवावे लागे. हा विचित्र आकडा ठेवायचा की वगळायचा? दोन गटांची तुलना करायची की चारांची? एका चाचणीला अर्धा दिवस लागणार असेल, तर ती करण्यायोग्य आहे का, याचा विचार आपोआपच आधी होई. म्हणजे कष्टांच्या आडोशाने विवेकाला थोडी सवड मिळत होती.

मग सॉफ्टवेअर आले. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९६० च्या दशकात खास वैद्यक-जीवशास्त्रासाठी बीएमडी (पुढचे बीएमडीपी) तयार झाले. नॉर्मन नाय आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी १९६८ साली स्टॅनफर्डमध्ये एसपीएसएस लिहिले, ते समाजशास्त्रातल्या सर्वेक्षणांसाठी. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात शेतीच्या आकडेवारीसाठी सुरू झालेल्या कामातून सॅस उभे राहिले. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकात ‘आर’ ही भाषा घडवली आणि ती जगाला फुकट देऊन टाकली. २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची पहिली पक्की आवृत्ती निघाली. परवान्याचे पैसे भरणे ज्यांना झेपत नाही अशा आपल्याकडच्या महाविद्यालयांसाठी ही देणगी केवढी मोठी आहे, हे वेगळे सांगायला नको. जे विश्लेषण पूर्वी मोजक्या संस्थांतच होऊ शकत होते, ते आज तालुक्याच्या गावी बसूनही करता येते. त्यामुळे पुढे जे म्हणायचे आहे ती यंत्राविरुद्धची तक्रार नाही. यंत्र आपले काम चोख करते. प्रश्न आहे तो आपल्या वाट्याला आलेल्या कामाचा.

आपल्याकडे एमडी-एमएसच्या विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. रोजच्या ड्यूट्या, रात्रपाळ्या, ओपीडी यांतून वेळ काढून तो रुग्णांची माहिती एक्सेलच्या तक्त्यात भरतो. त्याला मास्टर चार्ट म्हणतात. शेवटचे दोन-तीन महिने उरले की हा चार्ट पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) विभागातल्या संख्याशास्त्रज्ञाकडे किंवा बाहेरच्या एखाद्या जाणकाराकडे जातो. त्यानंतर वसतिगृहात एकच प्रश्न ऐकू येतो : “पी-व्हॅल्यू आली का?” आली म्हणजे ०.०५ च्या खाली आली. पी-व्हॅल्यूचा अर्थ एवढाच की, दोन औषधांत मुळात काहीच फरक नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती. फरक रुग्णाच्या दृष्टीने मोठा आहे का, आपला तर्क खरा आहे का, यांबद्दल तो आकडा काही बोलत नाही. ०.०५ ही रेषा फिशरने १९२५ च्या आपल्या पुस्तकात सोयीची म्हणून सुचवली होती. सोय म्हणून आखलेली ती रेषा पुढे पास-नापासची रेषा होऊन बसली. अखेर २०१६ साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला निवेदन काढून सांगावे लागले की, वैज्ञानिक निष्कर्ष केवळ या एका आकड्यावर ठरवू नयेत.

मास्टर चार्टमधल्या आकड्यांमागे काय आहे हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसते. पुरुषाला १ आणि स्त्रीला २ असा संकेत दिला असेल, तर मागितल्यावर ते लिंगाची सरासरी १.४३ अशी बिनदिक्कत काढून देते. वय कळले नाही म्हणून तिथे ९९९ भरले आणि ही माहिती गहाळ असल्याची खूण आहे हे सांगायचे राहिले, तर तो रुग्ण ९९९ वर्षांचा धरला जातो. अशा चुका सावध माणसाला सापडतात, कारण उत्तर हास्यास्पद येते. खरी अडचण उत्तर अगदी शहाण्यासारखे दिसते तेव्हा होते.

टपरीवर चहा मागितला की तो साखर घालूनच येतो. मधुमेह असलेल्याने ‘बिनसाखरेचा’ असे आधी सांगायला हवे. न सांगणाऱ्याच्या वतीने चहावाल्याने ठरवलेलेच असते. सॉफ्टवेअरमधल्या डिफॉल्टचेही असेच आहे. एकाच रकान्यात १ ते १० हे अंक भरा आणि पहिले चतुर्थक, म्हणजे ज्याच्या खाली पाव हिस्सा आकडे येतात ती सीमा, मागा. ‘आर’ काही न विचारता ३.२५ म्हणेल, एसपीएसएस २.७५. दोन्ही बरोबर आहेत, कारण चतुर्थक काढण्याच्या अनेक रीती आहेत. १९९६ साली हाइंडमन आणि फॅन यांनी अशा नऊ रीती नोंदवल्या आणि त्या नऊही ‘आर’मध्ये उपलब्ध आहेत. गटांमधली रुग्णसंख्या समान नसेल, तर विचरणाच्या विश्लेषणातही (अनोव्हा) दोन सॉफ्टवेअरांची उत्तरे निराळी येऊ शकतात, कारण वर्गांच्या बेरजा कशा वाटायच्या याचा पूर्वनिर्णय दोघांनी वेगळा घेऊन ठेवला आहे. प्रबंधात मात्र छापले जाते : ‘विश्लेषण अमुक सॉफ्टवेअरच्या तमुक आवृत्तीने केले.’ जणू तेवढ्याने सगळे सांगून झाले.

हा निव्वळ दशांश चिन्हानंतरचा खेळ नाही, हे अमेरिकेत २००२ साली दिसून आले. हवेतल्या धूलिकणांचा मृत्यूंशी काय संबंध आहे, हे शोधणारा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांचा ९० मोठ्या शहरांचा अभ्यास तेव्हा गाजत होता; हवेच्या मानकांची चर्चाही त्याच्या आधाराने चालली होती. धूलिकणांचे प्रमाण घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढले की रोजचे मृत्यू ०.४१ टक्क्यांनी वाढतात, असा त्याचा अंदाज होता. विश्लेषण एस-प्लस या सॉफ्टवेअरने केले होते. या जातीची गणिते एका फटक्यात सुटत नाहीत. संगणक एक उत्तर धरतो, सुधारतो, पुन्हा सुधारतो, आणि दोन फेऱ्यांतला फरक पुरेसा लहान झाला की थांबतो. ‘पुरेसा’ म्हणजे किती, हे सॉफ्टवेअरमध्ये आधीच ठरलेले होते : एक सहस्रांश. बऱ्याच कामांना तेवढे चालते. इथे मोजायचा परिणामच इतका बारीक होता की, संगणक खऱ्या उत्तराच्या अलीकडेच थांबत होता. संशोधकांनी स्वतःच हे हेरले, निकष कडक करून गणित पुन्हा चालवले आणि ०.४१ चे ०.२७ झाले. संबंध टिकला, पण अंदाजाचा सुमारे एक तृतीयांश भाग गेला. सूत्र बरोबर होते, आकडे बरोबर होते, माणसेही प्रामाणिक आणि जाणती होती. फक्त एक निर्णय त्यांनी घेतलेलाच नव्हता. तो त्यांच्या वतीने दुसऱ्याच कोणीतरी, दुसऱ्याच कामासाठी घेऊन ठेवला होता.

असेच दुसरे उदाहरण ऐकताना हसू येते. माणसाच्या एका जनुकाचे संक्षिप्त नाव ‘सेप्ट टू’ होते, दुसऱ्याचे ‘मार्च वन’. एक्सेलच्या तक्त्यात ती टाइप केली की एक्सेल त्यांना तारखा समजे : २ सप्टेंबर, १ मार्च. २००४ सालीच शास्त्रज्ञांनी हा धोका लिहून ठेवला होता. २०१६ साली जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेले निबंध तपासले गेले, तेव्हा सुमारे पाचव्या हिश्श्यात अशा बिघडलेल्या नोंदी सापडल्या. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने हात टेकले आणि जनुकांचीच नावे बदलली. हे आपोआप होणारे रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ साली. म्हणजे कार्यालयातल्या जमाखर्चासाठी केलेल्या सोयीपुढे जीवशास्त्राला आपली परिभाषा वाकवावी लागली. त्याच २०२० सालच्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये कोविडचे जवळजवळ १६,००० रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून गळल्याचे उघड झाले. कारण एक्सेल फाइलच्या जुन्या प्रकारात ६५,५३६ ओळींपलीकडे काही मावत नव्हते. यंत्राने तक्रार केली नाही, उरलेल्या ओळी निमूटपणे सोडून दिल्या. त्या ओळींतल्या माणसांच्या संपर्कात कोण आले होते, याचा शोध तेवढे दिवस लांबला.

सॉफ्टवेअर असे न विचारता काही ठरवते, हा अनर्थाचा एक मार्ग. दुसरा उलटा आहे : ते आपल्याला हवे तितक्या वेळा ठरवू देते. चाचणीला अर्धा दिवस लागत होता, तेव्हा माणूस एक चाचणी करी. आता वयोगट पाडून पाहा, स्त्रिया वेगळ्या काढून पाहा, दोन विचित्र रुग्ण वगळून पाहा, सगळे फुकट. परस्परांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर मुळात काहीच नसतानाही किमान एकीत पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता ६४ टक्के असते. क्रेग बेनेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ साली हे दाखवायला एक मेलेला सामन मासा मेंदूचे चित्रण करणाऱ्या एमआरआय यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली आणि त्यातली माणसे काय अनुभवत असतील असे रीतसर विचारले. हजारो बिंदूंची एकेक चाचणी केल्यावर त्या मेलेल्या मेंदूत काही बिंदू ‘जागृत’ निघाले! इतक्या चाचण्या केल्याबद्दलची दुरुस्ती लावताच ते नाहीसे झाले. २०१२ साली या कामाला इग नोबेल हे विनोदी पारितोषिक मिळाले. हसून झाल्यावर आठवायचे ते एवढेच की, ती दुरुस्ती लावायची की नाही हे माणसानेच ठरवायचे होते.

यात लबाडी असावीच लागते असे नाही. फुटबॉलमधले पंच सावळ्या खेळाडूंना अधिक वेळा लाल कार्ड दाखवतात का, हा प्रश्न आणि एकच माहितीसंच संशोधकांच्या २९ गटांना देण्यात आला. २०१८ साली निकाल छापून आला. २० गटांना लक्षणीय संबंध दिसला, नऊ गटांना दिसला नाही. काही गटांना परिणाम जवळपास शून्य वाटला, तर काहींना दुपटी-तिपटीचा. सगळेच जाणकार होते, कोणालाही विशिष्ट उत्तर हवे नव्हते. खेळाडूचे मैदानावरचे स्थान हिशेबात घ्यायचे की नाही, पंच वेगवेगळे असल्याचे कसे सांभाळायचे, अशा डझनभर साध्या वाटणाऱ्या निर्णयांनी उत्तर इकडचे तिकडे होत होते. प्रत्येक वाटेवर गणित मात्र अचूकच होते.

म्हणून संशोधनाचे खरे बळ कशात असते, हे पाहायला संगणकाआधीच्या काळात जावेसे वाटते. क्षयावर स्ट्रेप्टोमायसीन चालते का, याची ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेची चाचणी १९४८ साली प्रसिद्ध झाली. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ती आखली होती. कोणत्या रुग्णाला औषध मिळणार हे यादृच्छिक अंकांनी ठरले आणि बंद पाकिटांत राहिले. क्ष-किरण चित्रे वाचणाऱ्यांना कोणाला औषध दिले आहे हे ठाऊक नव्हते. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ५५ पैकी चार दगावले, नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. याला कसले सॉफ्टवेअर लागते? पुढे १९५६ साली मद्रासला क्षयरोग केंद्र सुरू झाले. दाटीवाटीच्या वस्तीतल्या गरीब रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिकपणे दोन गटांत वाटण्यात आले, काहींना सॅनेटोरियममध्ये तर काहींना घरीच औषध दिले. १९५९ मध्ये निष्कर्ष आला की घरचे उपचार जवळपास तितकेच गुण देतात आणि त्यामुळे घरच्यांचा धोकाही वाढत नाही. जगभरच्या क्षयोपचाराची दिशा त्याने बदलली. संगणकाच्या काळातही हेच दिसते. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीत ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी पोहोचवली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत ६२ टक्क्यांची घट दिसली. तिथे गणितापेक्षा अवघड होते ते प्रत्येक जन्माची आणि प्रत्येक मृत्यूची खरी नोंद मिळवणे. या सर्व अभ्यासांत मोठे निर्णय आकडे हाती येण्यापूर्वी झालेले होते.

१९३८ च्या जानेवारीत कोलकात्यात पहिली भारतीय सांख्यिकी परिषद भरली, तिचे अध्यक्ष फिशर होते. प्रयोग आटोपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावले तर तो फार तर शवविच्छेदन करून प्रयोग कशाने मेला ते सांगेल, अशा आशयाचे ते तिथे बोलले. आपल्याच देशात ऐकवलेले हे बोल आपल्या मास्टर चार्टांच्या वाटेवर अजून पोहोचलेले नाहीत.

उपाय फारसा गूढ नाही. विश्लेषण कसे करणार हे आकडे पाहण्यापूर्वी लिहून ठेवावे. २००७ पासून भारतात औषधचाचण्यांची सार्वजनिक नोंदवही आहे, ती याच विचारातून आली. शिवाय माउसने खिडक्यांतून टिचक्या मारत जाण्याऐवजी विश्लेषण लिखित आज्ञांच्या रूपात करावे. टिचकीचा माग राहत नाही, आज्ञा मागे राहतात आणि दुसऱ्याला तपासता येतात. ड्यूक विद्यापीठातल्या कर्करोग संशोधनात जनुकांची यादी एका ओळीने खाली सरकली होती. ह्यूस्टनचे संख्याशास्त्रज्ञ बॅगर्ली आणि कूम्ब्स यांना ते शोधायला उलट्या दिशेने सगळे गणित पुन्हा बांधावे लागले, कारण मूळ पायऱ्या कुठे धड नोंदलेल्या नव्हत्या. तोवर त्या निष्कर्षांच्या भरवशावर रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या होत्या. आता तर आज्ञाही संगणकच लिहून देऊ लागला आहे. त्यामुळे त्या वाचता येणे, निदान ‘ही ओळ का?’ असे विचारता येणे, अधिकच गरजेचे झाले आहे.

प्रबंधाच्या परीक्षकांना आणि मार्गदर्शकांना म्हणून एक विनंती. पुढच्या विद्यार्थ्याला ‘कोणते सॉफ्टवेअर वापरले?’ आणि ‘पी किती आली?’ हे प्रश्न नंतर विचारा. आधी विचारा की गहाळ नोंदींचे काय केले, किती चाचण्या करून पाहिल्या, कोणत्या छापल्या नाहीत, आणि हे सारे कधी ठरले, आकडे पाहण्याआधी की नंतर? ज्याला याची उत्तरे देता येतात त्याने कागद-पेन्सिलीने काम केले असले तरी ते संशोधन आहे. ज्याला देता येत नाहीत, त्याच्याकडे जगातले सर्वात महागडे सॉफ्टवेअर असले, तरी त्याने फक्त छापील आकडे गोळा केले आहेत.